तालमीला माणसं टिकतात कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जत्रेतलं नाटक आटोपलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढी माणसं सांभाळता, आवाजही चढवत नाही. जमतं कसं?"

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला आमचा वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती. उत्सवात मराठी नाटक नसलं तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. जुने दिग्दर्शक थकले आणि संहिता माझ्या हातात आली. पहिल्याच वर्षी तालमीत सगळ्यांदेखत नायकाला टाकून बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो येईना. पाठोपाठ तबलजी गेला, कारण तो त्याचा मेहुणा. (आमच्याकडे एकाला बोललं की तीन घरं रुसतात.) त्या वर्षी नाटकाऐवजी भजन झालं. पुढच्या वर्षी मी कुणालाच काही बोललो नाही. मग तिसरी घंटा मध्यरात्र उलटल्यावर झाली आणि शेवटच्या अंकाला समितीची पहिली रांग तेवढी उरली, तीही पेंगत.

नायक उशिरा का यायचा, हे मी विचारलंच नव्हतं. कुंडईच्या कारखान्यात त्याची दुसरी पाळी असायची. इथे पैसे कुणालाच मिळत नाहीत, मग हुकूम कुणाला सोडणार? आता भूमिका वाटण्याआधी प्रत्येकाची शिफ्ट विचारतो, आणि मोठी भूमिका पहिल्या पाळीवाल्याला देतो. बायकांच्या तालमी संध्याकाळी लवकर उरकतो, त्यांना घरी जाऊन रांधायचं असतं. चूक दाखवायची ती तालीम सुटल्यावर, स्कूटर काढताना, एकट्याला. प्रयोगाला मी समोर बसत नाही. प्रॉम्प्टरशेजारी विंगेत उभा राहतो. वाक्य विसरलेला माणूस आधी तिकडेच बघतो.

"हे उपजतच असावं लागतं," असं म्हणणारे मंगेशीच्या गायक-नट दीनानाथ मंगेशकरांचा दाखला देतात. १९१८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली, हे खरं. पण त्याआधी ते किर्लोस्कर मंडळीत काम करून आले होते, आणि सोबत चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे होते. उपजत गळा असतो, मंडळी चालवणं नव्हे, असं माझं मत.

आमचा तो नायक पुढे परत आला. कारखाना सोडून त्याने दुकान टाकलंय, तरी उशिराच येतो. त्याला मी दुसऱ्या अंकात येणारी भूमिका देतो.