64 केबीचे पेज आणि प्रेसचा व्हॉल्व्ह

एखाद्या उपकरणाची मेमरी वापरकर्त्याच्या प्रोग्रामला थेट दाखवणारा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि लिनक्स यांना जोडणारा कोड, माझ्याकडे तपासणीला येतो, तेव्हा मी सर्वांत आधी त्यातले एममॅप फंक्शन उघडते; मेमरीचा कोणता भाग प्रोग्रामला दाखवायचा (मॅप करायचा) हे तेच ठरवते. ड्रायव्हरचा बाकीचा भाग चुकला, तर बहुधा उपकरणच चालत नाही आणि चूक लवकर उघड होते. एममॅप चुकले, तर उपकरण व्यवस्थित चालते, सगळ्या चाचण्या पास होतात, आणि ज्या प्रोग्रामला चार रजिस्टरे, म्हणजे उपकरणातले आकडे ठेवणारे छोटे कप्पे, वाचायला द्यायची होती त्याच्या हाती भलतेच काही लागलेले असते. कापूस हंगामाच्या तोंडावर आलेल्या ज्या बदलाविषयी मी लिहीत आहे, तो नेमका या प्रकारचा होता.

मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या गावातून काम करते. आमची छोटी कंपनी जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या, यंत्रांसाठी नियंत्रक बोर्ड बनवते, आणि त्यावर चालणाऱ्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागात, होणारा प्रत्येक बदल कोडच्या मुख्य शाखेत जाण्यापूर्वी माझ्या नजरेखालून जातो. बोर्डावरच्या चिपमध्ये 64 बिटांचा आर्म प्रोसेसर आणि एफपीजीए (हवी तशी रचना करता येणारे सर्किट) एकत्र आहेत. एफपीजीएमध्ये रजिस्टरांचे दोन गट होते. पहिल्या गटात रुईचा ओलावा, पेटीतले वजन आणि रॅमची (गाठ दाबणाऱ्या दट्ट्याची) उंची यांची मोजमापे होती. त्याला लागूनच, 4096 बाइट पुढे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा गट होता. या दुसऱ्या गटातल्या एका रजिस्टरमध्ये एक बिट लिहिला की रॅम हलतो. ज्यांनी प्रेस जवळून पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. 170 किलोची गाठ दाबून झाली की माणसे तिच्याभोवती पट्ट्या ओवतात, आणि त्या वेळी त्यांचे हात कोपरापर्यंत पेटीत असतात. दरवाजाचा सुरक्षा-स्विच वेगळ्या वायरिंगवर आहे हे खरे. पण एक कुलूप आहे म्हणून दुसरे उघडे ठेवावे, हे मला कधीच मान्य झालेले नाही.

बदल लिहिणारा मुलगा यवतमाळकडचा, नुकताच रुजू झालेला आणि कामाला अत्यंत प्रामाणिक. मोजमापे वाचण्यासाठी दर वेळी कर्नलमध्ये जाण्याचा वेळ वाचावा, म्हणून पहिला गट प्रोग्रामला थेट मॅप करून द्यायचा, एवढाच त्याचा हेतू होता. फंक्शन जेमतेम दहा ओळींचे होते. प्रोग्रामने किती लांबी मागितली ते व्हीएमएच्या (मागितलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याची कर्नलमधली नोंद) दोन टोकांवरून काढायचे, मागितलेले अंतर, म्हणजे आरंभापासून किती पुढे, ते गटाच्या भौतिक पत्त्यात मिळवायचे, कॅशिंग (वाचलेल्या आकड्याची प्रत जपून ठेवणे) बंद करायचे आणि प्रत्यक्ष मॅपिंग करणाऱ्या रीमॅप पीएफएन रेंजला हाक मारायची. लिहिलेली प्रत्येक ओळ बरोबर होती. जी ओळ हवी होती, ती मात्र लिहिलीच नव्हती. लांबी आणि अंतर या दोन्ही गोष्टी मागणारा प्रोग्राम ठरवतो, आणि रीमॅप पीएफएन रेंज हे फंक्शन दिलेला पत्ता खरोखर त्या उपकरणाचा आहे की नाही हे पाहत नाही; ते हाक मारणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवते. म्हणजे ज्याला या उपकरणाची डिव्हाइस फाइल (जिच्यातून प्रोग्राम उपकरणाशी बोलतो) उघडता येते, त्याला पुढच्या गटातला व्हॉल्व्हच काय, अंतर मोठे दिले तर त्याहून पुढची कोणतीही भौतिक मेमरी मागता येत होती.

मी तसे लिहून कळवताच त्याचा फोन आला.

"ताई, चाचणी तर सगळी झाली न. काहून अडलं?"

"तू मागितलेल्या पत्त्याची चाचणी झाली रे. न मागितलेल्या पत्त्याची कोणी केली?"

तासाभरात सुधारित बदल आला. त्यात अंतर अधिक लांबी ही बेरीज गटाच्या आकारापेक्षा मोठी असेल तर मागणी नाकारली होती. ही तपासणी पहिल्या वाचनात पुरेशी वाटते, म्हणूनच ती अधिक काळजीने वाचावी लागते. मेमरी पेज नावाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते. अंतर 64 बिटांत मावणाऱ्या अगदी शेवटच्या पेजाइतके दिले आणि लांबी दोन पेजांची मागितली, तर बेरीज शून्यावरून फिरून एका पेजाएवढीच उरते. तपासणी तिला मोकळी वाट देते आणि भौतिक पत्ता गटाच्या अलीकडचा निघतो. 2018 मध्ये कर्नलच्या गाभ्यातच अशा मागण्यांना लगाम घालणारी मर्यादा आली आहे, त्यामुळे आजच्या कर्नलवर ही युक्ती गाभ्यातच अडते. तरीही ड्रायव्हरने आपल्या दाराची राखण दुसऱ्यावर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण तोच कोड पुढे कोणत्या जुन्या कर्नलवर नेला जाईल हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते.

या बेरजा हाताने लिहूच नयेत. ड्रायव्हरमागून ड्रायव्हर हीच तपासणी वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितो आणि चुकवतो, हे ध्यानात आल्यावर 2013 मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी व्हीएम आयओमॅप मेमरी हे मदतनीस फंक्शन कर्नलमध्ये आणले. त्याला उपकरणाचा आरंभ आणि आकार सांगितला की अंतर, लांबी आणि फिरणारी बेरीज या सगळ्यांची तपासणी ते स्वतः करते. मी मुलाला तेच वापरायला सांगितले. सोबत आणखी एक गोष्ट कळवली. मॅपिंग केवळ वाचण्यासाठी असावे म्हणून त्याने व्हीएम राइट (आत्ता लिहिता येते) हा ध्वज, म्हणजे परवानगीची खूण, लागलेली मागणी नाकारली होती, परंतु व्हीएम मे राइट (पुढे लिहिता येईल) हा ध्वज तसाच ठेवला होता. फाइल वाचन-लेखनासाठी उघडून, आधी फक्त वाचनाचे मॅपिंग घेऊन, नंतर एमप्रोटेक्ट या परवानगी बदलणाऱ्या हाकेने त्याच मॅपिंगवर लेखनाची परवानगी मागितली, तर कर्नल ती देतो, कारण त्या क्षणी ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. पुढे लिहिता येईल ही शक्यताच एममॅपमध्ये पुसून टाकावी लागते. त्याने तीही पुसली.

तिसऱ्या वेळी आलेला बदल पुस्तकात छापावा इतका नेटका होता. पण त्या मदतनीस फंक्शनचा एक स्वभाव माझ्या मनातून जात नव्हता. उपकरणाचा आकार पेजाच्या पटीत नसेल, तर ते आकार पुढच्या पूर्ण पेजापर्यंत वाढवून घेते. त्यात त्याचा दोष नाही. प्रोसेसरचे मेमरी व्यवस्थापन पेजाहून लहान तुकडा ओळखतच नाही. एखाद्याला एकच ओळ पेरायला द्यायची, तर अख्खे वावरच त्याच्या हवाली करावे लागावे, तशी ही रचना आहे. पेज 4 केबीचे (4096 बाइट) असेल तर मोजमापांचा गट आणि पेज तंतोतंत जुळतात. मात्र 64 बिटांच्या आर्मवर कर्नल 4, 16 किंवा 64 केबी यांपैकी कोणत्याही पेजासाठी बांधता येतो. आमच्या टेबलावरचा चाचणी-बोर्ड 4 केबीचा होता. जिनिंगमधल्या बोर्डावर पुरवठादाराकडून आलेला कर्नल होता, आणि त्याच्या पेजाचा आकार बदलाच्या वर्णनात कुठेही नमूद नव्हता.

मुलगा त्या वेळी जिनिंगवरच होता. मी त्याला पेजाचा आकार सांगणारी गेटकॉन्फ पेजसाइझ ही आज्ञा चालवायला सांगितली. फोनवर त्याने आकडा अंकाअंकाने वाचला: सहा, पाच, पाच, तीन, सहा.

65536 म्हणजे 64 केबी. मोजमापांचा गट 64 केबीच्या सीमेवर सुरू होत होता आणि व्हॉल्व्हचा गट त्याच सीमेच्या आत, 4096 बाइटांवर होता. याचा अर्थ, आता निर्दोष दिसणारा बदल त्या बोर्डावर दोन्ही गट एकाच पेजात उचलून देत होता. हे फोनवर समजावण्यासारखे नव्हते, म्हणून मी स्कूटी काढली आणि जिनिंगवर गेले. आवारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, सरकी वेगळी करणारे रेचे सुरू होते, आणि हवेत तरंगणारी रुई कॅबिनमधल्या कीबोर्डवरही साचलेली होती. मालकांना सांगून प्रेसचा हायड्रॉलिक पंप मुख्य स्विचपासून बंद करवला, आणि पेटीजवळ कोणी नाही हे मी स्वतः जाऊन पाहिले.

आमच्या एफपीजीएमध्ये प्रत्येक गटाच्या पहिल्या रजिस्टरमध्ये त्या गटाचा ओळख-क्रमांक असतो. मी एक लहान प्रोग्राम लिहिला. डिव्हाइस फाइल उघडायची, फक्त वाचनासाठी 4096 बाइट मागायचे, आणि हाती आलेल्या पत्त्यापासून 4096 बाइट पुढचे रजिस्टर वाचून छापायचे. मागितलेल्या हद्दीबाहेरचे हे वाचन 4 केबीच्या बोर्डावर बहुधा सेगमेंटेशन फॉल्टने (हद्दीबाहेर हात घालणारा प्रोग्राम कर्नल बंद पाडतो ती चूक) थांबले असते, आणि व्हॉल्व्हपर्यंत तर पोचलेच नसते. येथे ते थांबले नाही. पडद्यावर व्हॉल्व्ह गटाचा ओळख-क्रमांक उमटला. मुलाने तो एफपीजीएच्या तक्त्याशी दोनदा ताडून पाहिला.

"बाप्पा, हा तर व्हॉल्व्हचा नंबर आहे ताई."

तो थोडा वेळ बोलला नाही, आणि मग त्याने विचारलेला प्रश्न मला फार योग्य वाटला: मॅपिंग तर फक्त वाचनाचे आहे, मग व्हॉल्व्ह कसा हलेल? व्हॉल्व्ह हलणार नाही, हे खरे. पण उपकरणाच्या रजिस्टरमध्ये वाचणे नेहमीच निरुपद्रवी नसते. आमच्या व्हॉल्व्ह गटातले बिघाड-दर्शक रजिस्टर वाचताक्षणी कोरे होते. मोजमापे वाचणाऱ्या प्रोग्रामने चुकीच्या अंतरावर वाचले, तर दाब वाढल्याची नोंद नियंत्रकाला कळण्यापूर्वीच पुसली जाईल. शिवाय उद्या कोणी मोजमापांचा शून्य जुळवण्याच्या सोयीसाठी लेखनाची परवानगी उघडली, तर त्या दिवशी रॅम आणि तो प्रोग्राम यांच्यामध्ये काहीच उरणार नाही, आणि बदल करणाऱ्याला शेजारी कोण राहते याची कल्पनाही नसेल.

उपाय कोडमध्ये पूर्णपणे नव्हताच. दोन्ही गट एफपीजीएच्या पत्त्यांमध्येच एकमेकांपासून 64 केबी दूर नेणे आणि प्रत्येकाला स्वतःचे पूर्ण पेज देणे, हा खरा मार्ग होता. त्यासाठी एफपीजीएची रचना पुन्हा तयार करून सर्व बोर्डांवर चढवावी लागणार होती, आणि वाहत्या हंगामात प्रेस थांबवायला कोणताही जिनिंगवाला राजी होत नाही. कंपनीतून मला विचारले गेले की तूर्त हा बदल जाऊ देता येईल का, कारण प्रोग्राम आपलाच आहे आणि तो चुकीचे अंतर वाचणार नाही. मी नाही म्हटले. ड्रायव्हरची परवानगी एका प्रोग्रामला नसते, ती फाइल उघडू शकणाऱ्या प्रत्येकाला असते. आणि त्या बोर्डावर दूरस्थ देखभालीसाठी इतरही काही चालते.

तेव्हा आम्ही कॅबिनमध्येच बसून ठरवले की हंगामापुरते मॅपिंग द्यायचेच नाही. मोजमापे साध्या रीड कॉलने (कर्नलकडे वाचनाची मागणी करून), एकाच हाकेत सगळी मिळून द्यायची. मुलाने तिथेच वेळ मोजून पाहिला. सगळी रजिस्टरे एकत्र दिल्यामुळे कर्नलमध्ये जाण्याचा खर्च एकदाच पडत होता आणि प्रेसच्या गतीला तो सहज पुरत होता. ज्या घाईसाठी एममॅप हवे होते, ती घाई मुळात प्रत्येक रजिस्टर वेगळे मागण्यातून आली होती, हे मोजल्यावरच समोर आले. मॅपिंगचा कोड वेगळ्या बदलात ठेवला. त्यात ड्रायव्हर सुरू होतानाच गटाचा आरंभ आणि आकार चालू कर्नलच्या पेजाशी जुळतात का हे पाहिले जाते, आणि जुळत नसतील तर एममॅपची मागणी सरळ नाकारली जाते. ही अट मी त्याच्याकडून लिहून घेतली, आणि ती कशासाठी आहे याचे कारण, व्हॉल्व्हच्या पत्त्यासह, बदलाच्या वर्णनात नोंदवायला लावले.

रीड कॉलच्या बदलाखाली मी रिव्ह्यूड-बायची, म्हणजे मी तपासले आहे अशी, ओळ लिहिली. पंप पुन्हा सुरू झाला, तेव्हा मुलगा लॅपटॉपवर याच बोर्डाच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरची फाइल उघडून बसला होता. रेच्यांच्या मोटारींचे तापमान मोजणारा तो गट कोणत्या पत्त्यावर आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे तो तक्त्यात शोधत होता.