लिटरमागे २.४ मिलिग्रॅम फिनँथ्रीन

तेलगळतीनंतरच्या समुद्राच्या पाण्याचा अहवाल माझ्याकडे पडताळणीला आला. ‘विरघळलेले’ या रकान्यात फिनँथ्रीन या कच्च्या तेलातल्या हायड्रोकार्बनसमोर लिटरमागे २.४ मिलिग्रॅम, आणि खाली दोन सह्या.

२५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यातसुद्धा फिनँथ्रीन लिटरमागे जेमतेम १.१ मिलिग्रॅम विरघळतं. मिठाचे आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट धरतात, त्यामुळे हायड्रोकार्बनला शिरकाव आणखी अवघड होतो. मिठामुळे विद्राव्यता किती घटते हे सांगणारं सेचेनोव्हचं सूत्र समुद्राच्या ३५ क्षारतेला (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) लावलं की पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास उत्तर येतं. तेही शुद्ध फिनँथ्रीनसाठी. कच्च्या तेलात ते असंख्य घटकांपैकी एक, त्यामुळे आकडा याच्याही कितीतरी खाली हवा.

आमच्याकडे ही विद्राव्यता मोजायला जनरेटर कॉलम आहे: काचेच्या बारीक मण्यांवर फिनँथ्रीनचा लेप, त्यातून पाणी अगदी सावकाश सोडायचं. वेग निम्मा केला तरी रीडिंग तेच आलं पाहिजे. स्फटिकांचे कण सुटून येत असतील तर ते तिथेच उघडं पडतं. नुसतं बाटलीत हलवून काढलेल्या आकड्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

सहकारी म्हणाला, मशीन चुकलंय, आकडा काढून टाकू. ही घाई मला पटत नाही. मी संपूर्ण अर्काचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्यातले घटक वेगवेगळ्या शिखरांत दाखवणारा आलेख, मागवला. त्यात लांब साखळीच्या अल्केनांची (तेलातल्या मेणासारख्या हायड्रोकार्बनांची) शिखरं सारख्या अंतरानं ओळीनं उभी होती! ते अल्केन पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. तेलाच्या थेंबांबरोबरच येतात. गळतीवर डिस्पर्संट, म्हणजे तेल फोडून विखुरणारं रसायन, फवारलं होतं, म्हणजे थेंब अतिसूक्ष्म. गाळणी ०.७ मायक्रॉनची, आणि तिच्यातून जे पार होतं ते ‘विरघळलेलं’ धरलं जातं. तेलाचा थेंब मऊ असतो, व्हॅक्युम जास्त झालं की दबून आरपार जातो.

म्हणजे मोजणी बरोबर होती, रकाना चुकीचा. पण फॉर्ममध्ये रकाने दोनच, ‘विरघळलेले’ आणि ‘कणरूप’. फॉर्म ठरवणाऱ्यांनी थेंबांचा विचारच केलेला नाही. विरघळलेलं फिनँथ्रीन माशाच्या कल्ल्यांतून थेट आत जातं, थेंब कोपेपॉड हे पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव गिळतात. धोका दोन्हीकडे, पण वाटा वेगळ्या. मी ‘गाळलेल्या पाण्यातील एकूण’ असं लिहायला लावलं. तेवढ्यानं समाधान झालेलं नाही. पॉलिएथिलीनची पट्टी पाण्यात ठेवली असती तर फक्त मुक्त विरघळलेला भाग कळला असता, पण नमुना संपला होता. पुढच्या वेळी पट्ट्या आधीच पाठवा, असं लेखी कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.