शांत कूलर निवडताना डेसिबलच्या आधी काय पाहायचं

प्रोसेसर कूलरच्या खोक्यावरचा डेसिबलचा आकडा बघून खरेदी करू नका. एक कंपनी मीटरभर अंतरावरून मोजते, दुसरी मोकळा पंखा मोजते, आणि तुमच्या घरी तोच पंखा हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) दाट पात्यांमधून कॅबिनेटच्या आत हवा ढकलणार असतो. हे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

शांतता मिळते ती मोठ्या हीटसिंकमुळे आणि सावकाश फिरणाऱ्या पंख्यामुळे. पंख्याचे फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, तसाच दुसरा पंखा जोडला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून प्रोसेसरला लागतो त्यापेक्षा एक पायरी मोठा कूलर घ्यायचा आणि तो ७००-९०० आरपीएमवर (मिनिटाला तितके फेरे) चालवायचा, हाच माझ्या मते पैसे वसूल होण्याचा मार्ग.

‘लागतो तेवढा’ म्हणजे किती, हे प्रोसेसरच्या नावापुढच्या वॅटवरून कळत नाही. एएमडीचा ६५ वॅटचा रायझन ८८ वॅटपर्यंत जातो, १०५ चा १४२ पर्यंत, आणि एएम५ या सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) १७० वॅटचा थेट २३० पर्यंत. इंटेलचा आय५-१२४०० सुद्धा ६५ चा म्हणवतो, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवल्यावर, ११७ गाठतो. सव्वाशे वॅटच्या आत असाल तर १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) साधा टॉवर, म्हणजे उभा कूलर, शांतपणे काम निभावतो. त्यापुढे दोन टॉवरचा घ्या. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई स्वस्तात चांगला आहे. २३० वॅटवाल्यांनी मात्र आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड लावावा, त्याने प्रोसेसरच्या वॅटवर मर्यादा येते. गेम खेळताना फरक जवळजवळ जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच कमी होते.

मग मापं. पीअरलेस असॅसिन १५५ मिमी उंच आहे, नॉक्ट्युआचा एनएच-डी१५ १६५ मिमी. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. रॅमही बघा: डी१५ च्या पुढच्या पंख्याखाली ३२ मिमीच जागा उरते आणि दिव्यांची रॅम सहसा त्याहून उंच असते. पंखा वर सरकवता येतो, पण तेवढीच कूलरची उंची वाढते आणि कॅबिनेटची बाजूची काच बसत नाही. जुना इंटेलचा कूलर वापरणार असाल तर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटसाठी वेगळा ब्रॅकेट लागेल, कारण भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिमी झालं आहे.

बसवताना तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून जाते आणि तापमान लगेच नव्वदीला भिडतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट मधोमध मटारएवढी पुरते. स्क्रू आलटूनपालटून दोन-दोन फेरे आवळा. एकच बाजू पूर्ण कसली तर पेस्ट एकीकडे दाबली जाते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा जुना कूलर काढायचा असेल तर आधी मशीन थोडं तापवा आणि कूलर हलकेच पिळून मोकळा करा. थंड असताना सरळ ओढला तर सॉकेटमधून प्रोसेसरच उपसून येतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फॅन कर्व्हकडे, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल या सेटिंगकडे. ब्राउझर उघडला की रायझनचं तापमान क्षणात १५-२० अंशांनी उसळतं, पंखा धावतो, लगेच मंदावतो, पुन्हा धावतो. कानाला खुपते ती ही चढउतार. एकसुरी मंद आवाज थोड्या वेळात ऐकूही येत नाही. बायोसमध्ये पंखा हळूहळू वाढवत न्या, गुणगुण जाणवेल तिथून थोडं खाली या, आणि ६५ अंशांपर्यंत तोच वेग सपाट ठेवा. पुढे ७५ ला साधारण ६० टक्के, ९० ला पूर्ण. वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा विलंब देण्याची सोय असेल तर तीही वापरा. पंखा तीन पिनांचा असेल तर हेडर (मदरबोर्डवरची पंख्याची जोडणी) बायोसमध्ये डीसीवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणाऱ्या पर्यायावर ठेवा; पीडब्ल्यूएम या चार पिनांच्या पंख्यांसाठीच्या पर्यायावर तो सतत पूर्ण वेगाने फिरेल.

हा कर्व्ह डिसेंबरात लावलात तर मे महिन्यात पुन्हा बघावा लागेल. खोली जितकी तापते तितकाच प्रोसेसरही चढतो: नागपुरात एसी नसलेल्या खोलीत २६ चे ३८ झाले की ६३ वर असलेला प्रोसेसर ७५ वर जातो आणि पंखा विनाकारण जोर धरतो. उन्हाळ्यापुरती सपाट रेघ ७५ पर्यंत लांबवा. बहुतेक बायोसमध्ये प्रोफाइल साठवता येतात, तेव्हा दोन करून ठेवा.