जुनी सेव्हन सीटर घेताना: आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

घरात सहा माणसं, वर्षातून दोनदा गावी जाणं, कधी आजी-आजोबांना दवाखान्यात न्यायचं. एवढी गरज असली की पाहणी साधारणपणे एर्टिगा, इनोव्हा, ट्रायबर आणि कॅरेन्स या चार नावांभोवती फिरते. नवी परवडत नसेल तर जुनी, आणि मग शेजारचा माहीतगार म्हणतो, "बॉनेट उघडून इंजिन ऐका." माझा आग्रह उलटा आहे. इंजिन पैसे टाकले की दुरुस्त होतं. वाकलेली चेसिस, पुरात बुडालेलं वायरिंग आणि अडकलेले कागद मात्र धड दुरुस्त होत नाहीत. म्हणून आधी या तीन गोष्टी.

कागदांची निम्मी तपासणी गाडी बघायला जाण्याआधी घरबसल्या होते. नंबर मागून घ्या. एमपरिवहन या सरकारी ॲपवर आरसीची वैधता, मालकाचा क्रमांक, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि गाडी खासगी आहे की व्यावसायिक हे दिसतं. मालक 'फर्स्ट ओनर' म्हणत असेल आणि तिथे तिसरा क्रमांक असेल, तर जायचं पेट्रोलही वाचलं. महाराष्ट्राच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेले दंडही बघून घ्या. व्यवहार झाल्यावर ते कोण भरणार यावर वाद होतोच.

सेव्हन सीटरच्या बाबतीत एक खास धोका आहे, तो टुरिस्टमधून खासगी केलेल्या गाडीचा. पिवळी पाटी काढून पांढरी लावणं कायदेशीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अशी गाडी चार वर्षांत दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली असू शकते, आणि मीटरवर मात्र ७० हजार दिसतात. आरसीचा इतिहास मागा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या किंवा चेसिसच्या नंबरावर आधीच्या सर्व्हिसची नोंद असते. मालकाला सोबत घेऊन जा आणि प्रत्येक तारखेपुढचे किलोमीटर उतरवून घ्या. आकडा कुठे मागे गेला असेल, किंवा एका तारखेनंतर नोंदीच थांबल्या असतील, तर तिथेच पाणी मुरतंय.

आता विम्याची पॉलिसी. लोक फक्त मुदत बघतात. बघायचा तो नो क्लेम बोनसचा आकडा. क्लेम न घेता गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. एका क्लेमने शून्यावर येतो. एकाच मालकाकडे असलेल्या सहा-सात वर्षांच्या गाडीवर ५० टक्के असायला हवा. २० दिसला तर दोन वर्षांपूर्वी काहीतरी घडलंय. काय घडलं ते विचारा आणि बिल मागा. बंपर बदलला असेल तर हरकत नाही. पण बिलात अॅप्रन (बॉनेटखालचा चाकावरचा पत्रा), पिलर (छत पेलणारे खांब), रेडिएटर सपोर्ट (रेडिएटर धरणारी चौकट) किंवा एअरबॅग अशी नावं आली तर बोलणं तिथेच थांबवलेलं बरं. एक पळवाट लक्षात असू द्या: बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर क्लेम होऊनही आकडा तसाच राहतो. ते कव्हर पॉलिसीवर छापलेलं असतं.

मग गाडी बघायला सकाळी जा, उजेडात. धुतलेली नको. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका.

पत्र्याचा मुख्य पुरावा नटबोल्टांवर मिळतो. बॉनेटच्या बिजागरीचे, फेंडरचे आणि दरवाजांचे बोल्ट कारखान्यात पत्र्यासोबतच रंगवलेले असतात. त्यांच्या कडांवरचा रंग पान्याने खरवडलेला दिसला, तर तो भाग कधीतरी उघडलाय. बॉनेट किंवा डिकीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा: कारखान्याची सीलंटची रेघ एकसारखी आणि घट्ट असते, गॅरेजमध्ये हाताने भरलेली ओबडधोबड आणि नखाने दबणारी. बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या अॅप्रनवर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर हवेत. डावी-उजवी बाजू ताडून बघा. फरक दिसला तर ते वेल्डिंग नंतरचं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र ऑनलाइन मिळतं. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, दुसऱ्यांदा मारलेला २००-३००, आणि आकडा ५०० च्या पुढे गेला की खाली लांबी (पोचा भरायची पुट्टी) भरलेली आहे. दरवाजावर लांबी असेल तर भाव पाडा. छतावर किंवा पिलरवर असेल तर निघा.

काचांच्या कोपऱ्यात उत्पादनाचं वर्ष सांगणारी खूण असते. सगळ्या एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर कारण विचारा. कधी दगड लागलेला असतो, कधी गाडी उलटलेली असते. सीटबेल्ट पूर्ण ओढून खालचं लेबल वाचा. त्यावरची तारीख गाडीपेक्षा बरीच नवी असेल तर बेल्ट बदललाय, आणि बेल्ट सहसा मोठ्या धडकेनंतरच बदलतात. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही तर खूश होऊ नका: उडालेल्या एअरबॅग न बदलता दिवाच काढून टाकायची युक्ती जुनी आहे.

आता पुराच्या गाड्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण आणि महाड. दोन्ही वेळा असंख्य गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि सांगाडा विकते. त्यातले काही सांगाडे धुऊन-पुसून, नवी सीटकव्हर घालून, दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा बाजारात येतात. इंजिन चकाचक, आत परफ्यूमचा भपका.

अशी गाडी ओळखायची तर धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे बघायचं. सीटबेल्टचा शेवटचा वीतभर भाग रिळातच राहतो. तिथे मातकट रेघ किंवा कुबट वास आहे का? पुढच्या सीटखाली पिवळा प्लग दिसेल, तो एअरबॅग यंत्रणेच्या वायरिंगचा असतो. त्याला हात न लावता टॉर्च मारून बघा. आजूबाजूच्या प्लगच्या पिनांवर हिरवट पूड म्हणजे तांब्याला पाणी लागलंय. सीटच्या रुळांवर, ब्रेक पेडलच्या वरच्या सांध्यावर, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज आहे का? स्टेपनीची जागा आणि तिसऱ्या ओळीच्या बाजूच्या प्लास्टिकमागची फट तपासा, गाळ तिथे हमखास उरतो. हेडलाइटच्या आत आडवी पुसट रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. अशी गाडी आज सुरळीत चालते. सहा-आठ महिन्यांनी पॉवर विंडो, मग एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा), मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), असं एकेक सोडून देते, आणि दर वेळी बिघाड नव्या जागी असल्याने फिटरलाही तो सापडत नाही. फुकट मिळाली तरी नको.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई किंवा गोवा पासिंगची गाडी असेल तर जॅकवर घेऊन खालून बघाच. खाऱ्या हवेने दरवाजाखालच्या पट्टीचा पत्रा आतून खातो. वर रंग शाबूत असतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की आवाज भरीव येत नाही. दिल्लीकडची डिझेल गाडी या बाबतीत बरी निघते. तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून इनोव्हा आपल्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. पण तिथली एनओसी, आपल्याकडचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं बेरजेत धरा. त्यानंतरही ती स्वस्त वाटली तर घ्या.

इथवर सगळं ठीक असेल तर बॉनेट उघडा. इंजिन हाताला गार लागलं पाहिजे. गरम असेल तर काहीतरी झाकायचंय. ऑइलची कॅप काढा. आतल्या बाजूला दुधाळ साका म्हणजे ऑइलमध्ये पाणी. मात्र पावसाळ्यात जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत बाष्पाने थोडा थर धरतो, म्हणून डिपस्टिकही बघा. तीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर हेड गॅस्केटचं काम आहे. मग इंजिन चालू ठेवून कॅप तोंडावर उलटी ठेवा. ती थरथरली तर ठीक. डिझेलमध्ये ती उडून पडत असेल आणि खालून धूर येत असेल, तर त्याला फिटर बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडायला आलंय. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

मॉडेलगणिक थोडं. जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला टायमिंग बेल्ट असतो. तो ठरल्या अंतरावर बदलल्याचं बिल नसेल तर खर्च तुमचा, कारण तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडतात. २०१६ पासूनच्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ ला बेल्टऐवजी चेन आहे. एर्टिगाचं डिझेल एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांपासून बंद झालं, त्यामुळे डिझेल एर्टिगा म्हटली की ती त्याआधीचीच. बीएस-६ डिझेल कुठलंही घ्या, त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज पाच किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्या घरात तो काजळीने तुंबतो, कारण काजळी जाळायला गाडी सलग वीस-एक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत रनिंग असेल तर पेट्रोलच घ्या, ॲव्हरेजचा हिशोब मांडत बसू नका.

सीएनजी हवा असेल तर कंपनी फिटेड. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर आणि विम्यावर चढलेलं असलंच पाहिजे. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी असते, तिची पाटी तपासा. आणि हे आधीच ठरवा: सात जण बसल्यावर एर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर जागा उरते. तिथे टाकी बसली की गावच्या तांदळाचं पोतं कॅरिअरवर.

सुरक्षेसाठी उत्पादनाची तारीख महत्त्वाची. एबीएस सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये दोन्ही नसू शकतात. दोन वर्षं नवी घेण्यासाठी पन्नास-साठ हजार जास्त द्यावे लागले तर ते मी इथे देईन, अलॉय व्हील किंवा मोठ्या स्क्रीनसाठी नाही.

चालवायला किमान वीस किलोमीटर घ्या, आणि चढ हवाच. पुण्यात असाल तर कात्रजचा घाट. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग जागेवर राहिला तर क्लच प्लेट संपलीय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा, कटकट आली तर ॲक्सलचे जॉइंट. साठच्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत, फक्त भावातून वजा करा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर खाच शिल्लक असली तरी बदलायचेच. एसी दुपारी, गाडी उभी ठेवून, तिसऱ्या ओळीत बसून तपासा. पुढे बसून तो कायम गारच वाटतो.

भावाचं एकच सांगतो. विकणारा त्याने भरलेली ऑन रोड किंमत सांगेल, ती विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांचा कर उतरला: ट्रायबरसारख्या चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांवर २९ वरून १८ टक्के, पेट्रोल एर्टिगावर ४५ वरून ४०. जुनीचा भाव आजच्या नव्या किमतीवरून मागे मोजा. दोन वर्षं जुनी ट्रायबर नवीपेक्षा लाखभरानेच स्वस्त पडत असेल, तर नवीच घ्या. तिथे वॉरंटी मिळते. फक्त चेसिस प्लेटवर उत्पादनाचा महिना बघा, आणि विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते हे सेल्समनला ठणकावून सांगा.

व्यवहार ठरला की मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. टोकन देताना पावतीवर लिहून घ्या की बोजा उतरल्याशिवाय उरलेली रक्कम नाही. एजंटच्या "नंतर करू ट्रान्सफर" ला भुलू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. हे विकणाऱ्याच्याही हिताचं आहे, कारण नोंदीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमाही १४ दिवसांत नावावर करा. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावावर अडकतो. त्याचा बोनस त्याच्याकडेच राहतो, तेवढा फरक कंपनी तुमच्याकडून घेते.

ताबा घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. संध्याकाळी सहाला गाडी घेतली आणि दुपारी तीनला तिने सिग्नल तोडला असेल, तर चलन कोणाचं हे त्यावरून ठरतं. फास्टॅग विकणाऱ्याने स्वतःच बंद करायचा, त्याच्या समोर काचेवरून काढून घ्या. आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, "कालच बदललंय" असं कितीही सांगितलेलं असलं तरी.