तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच पैशात फॉर्च्युनर आली असती की!

आली असती. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पेट्रोल पंपावर, सगळीकडे हेच ऐकतोय, आणि दर वेळी "आवड आपापली" म्हणून विषय संपवतो, पण ते काही माझं खरं उत्तर नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

मी सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी घेतली, ३ सिरीजचं जुनं एफ३० मॉडेल, डिझेल. घेताना ऑडी ए४ आणि मर्सिडीज सी-क्लासमधली सी२२०डी पण पाहिल्या होत्या, आणि त्यावरून घरचे वेगळेच बोलतात, की सी-क्लास आपल्या चाकणची, ए४ संभाजीनगरच्या शेंद्र्याची, आणि पुण्यात राहून तू चेन्नईत जोडलेली गाडी आणलीस! कागदावर तिघी बहिणीच: २ लिटरचं चार सिलिंडर डिझेल, १९० च्या आसपास हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क. म्हणून लोकांना वाटतं की लोगो बघून घेतली. पण मांडणी वेगळी आहे हो. ए४ मध्ये इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे आणि ओढायचं काम पुढच्याच चाकांना, म्हणजे वळवायचंही त्यांनीच आणि ओढायचंही त्यांनीच. ३ सिरीजमध्ये इंजिन मागे सरकवलेलं, पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं निम्मं, ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे पुढची चाकं फक्त वळतात. ताम्हिणीत एका वळणातून दुसऱ्या वळणात गाडी टाकताना हे हाताला कळतं, माहितीपत्रक वाचावं लागत नाही. सी-क्लासही मागच्या चाकांवरच चालते, आणि खरं सांगतो, मागे बसणाऱ्याला तीच सगळ्यात सुखाची, पण मला चालवायची होती. फॉर्च्युनर दणकट आहे, वादच नाही, पण ती लॅडर फ्रेमवरची, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावरची, दोन टनांच्या आसपासची उंच गाडी, घाटात तिला वळणाआधी समजवावं लागतं.

आता कुंभार्ली घाटाचं सांगतो, कारण ज्यांना ते माहितीये ते "तरीसुद्धा?" असं विचारतात आणि तो "तरीसुद्धा" मला लागतो.

गणपतीला गुहागरला निघालो होतो, आई-बाबा मागे, डिकीत मखराचं सामान. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला. घाट उतरताना पाण्याने भरलेला खड्डा, दिसलाच नाही, धाड आवाज आणि स्क्रीनवर टायर प्रेशरची वॉर्निंग. उतरून बघितलं तर डावीकडचं पुढचं टायर बाजूने वीतभर फाटलेलं, आतले धागे दिसत होते. या गाडीला कंपनीकडून रनफ्लॅट टायर येतात, हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण ते पंक्चरचं झालं, बाजूच फाटली की संपलं. मागून एक बोलेरोवाला थांबला, भर पावसात उतरला बिचारा, बाह्या सरसावून म्हणाला, "दादा, स्टेपनी काढा, पाच मिनिटांत बसवू." मी म्हटलं, "स्टेपनी नाहीये." त्याला वाटलं मी घरी विसरून आलो. "तशी येतच नाही," म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि काहीच बोलला नाही.

खरा त्रास त्याच्या पुढे. बाबांचे गुडघे दुखतात, सीट आधीच खाली, त्यात गाडी गटाराच्या बाजूला कललेली. त्यांना उठताच येईना. एक हात दरवाज्यावर, एक माझ्या खांद्यावर, दोनदा परत खाली बसले, तिसऱ्यांदा मी आणि बोलेरोवाल्याने मिळून उचललं. बाबा भिजले, आणि ओशाळल्यासारखे "झालं, झालं, येतोय" म्हणत राहिले. ते ऐकवत नव्हतं. त्यांना आणि आईला मखरासकट बोलेरोत बसवून पुढे पाठवलं, मी गाडीपाशी थांबलो. त्या साइजचं टायर चिपळूणला नव्हतं, कराडला नव्हतं, पुण्याहून मागवलं, तोवर दुसरा दिवस उजाडला. सकाळी बाबांचा फोन, "प्राणप्रतिष्ठा झाली, तू सावकाश ये." बस, एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर रनफ्लॅट काढून साधे टायर घातले, त्यांची बाजू मऊ असल्याने खड्डे पण कमी आदळतात, डिकीत स्पेससेव्हर, म्हणजे बारीक स्टेपनी, ठेवलाय, डिकीची जागा गेली ती गेली. आता सांगा, खड्डा रस्त्याला, आणि गाडी बदलायची मी? पण थांबा, बाबांच्या गुडघ्यांचं काय, त्याला टायर बदलून काही होत नाही, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. घेताना मी सगळ्यांना सांगायचो की गाडी चालवणाऱ्यासाठी असते. आज बाबांसमोर ते वाक्य तोंडातून निघत नाही, आणि एकटा ताम्हिणीला गेलो की परत पटतं.

विकणार नाहीये. आता बदलायची तरी काय, तर नवी लांब व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ३ सिरीज नेहमीच्या पेक्षा ११० मिलिमीटर लांब आहे, पाय पसरायला भरपूर जागा, पण सीट उंच झालेली नाही. ३ सिरीजमधलीच एम३४०आय लांब नाही, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तिच्याबद्दल मी घरी अजून काढलेलंच नाही. दिवाळीनंतर बाबांना शोरूमला नेऊन लांबवालीत मागे बसवणार आहे. बसायला नाही, उठायला जमतंय का ते बघायला.