एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

नानांना परवा सांगितलं की या डबीतल्या एक ग्रॅम पावडरीत जवळपास दहा गुंठे जागा आहे, तर ते बागेकडे बघत जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग जागा हाये कुठं?"

प्रश्न बरोबर आहे. जागा आहे भोकांच्या आतल्या भिंतींवर. २ ते ५० नॅनोमीटरची भोकं असली की मटेरियलला मेसोपोरस म्हणतात, माझं आहे एमसीएम-४१, मोबिलच्या संशोधकांनी १९९२ साली जगापुढे आणलेलं. सीटॅब हा साबणासारखा रेणू पाण्यात कांड्या करतो, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, त्या कांड्यांभोवती टीईओएस या सिलिकॉनच्या द्रवापासून सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, जमते, मग भट्टीत सीटॅब जाळून टाकायचं, की मागे पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीतल्या नळ्या उरतात.

डिसेंबरात निफाडकडचा पारा उतरला त्या सकाळी लॅबमध्ये येऊन बघते तर सीटॅबचं द्रावण पांढरं आणि तळाशी खडे! केमिकल खराब झालं असं वाटून मी ते फेकणारच होते. पण साधारण २५ अंशांच्या खाली सीटॅब पाण्यात नीट विरघळून राहतच नाही. तिकडे नाना द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवत होते आणि इकडे मी बीकर ३५ अंशांवर धरून बसलेले.

पण खरी परीक्षा भट्टीत. पहिली बॅच घाईघाईत ५५० अंशांवर नेली, पावडर काळपट आणि एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी मांडणी तपासतात त्यात, २ अंशांजवळचा मोठा पीक (आलेखातलं टोक) गायब, म्हणजे नळ्या ढासळलेल्या. दुसऱ्यांदा मिनिटाला एक अंश, चढायलाच जवळपास नऊ तास, वर सहा तास मुक्काम. सकाळी दार उघडलं तर पावडर पांढरीशुभ्र, आणि पीकही जागेवर! त्यानंतर बीईटीला, म्हणजे पृष्ठभाग मोजायच्या चाचणीला दिली, ७७ केल्व्हिनवर नायट्रोजन शोषायला लावून आकडा आला ग्रॅमला ९८० चौरस मीटर. लोक या आकड्याच्याच मागे लागतात, ते मला पटत नाही, साधी सिलिका जेलसुद्धा पाच-सातशे देते. आधी पीक बघा, आयसोथर्मची, म्हणजे दाब वाढवत किती नायट्रोजन शोषला त्या आलेखाची, पायरी बघा.

आता भिंतींवर अमाइन गट, म्हणजे नायट्रोजन असलेले रेणूंचे तुकडे, बसवायचेत, ते तांबं धरून ठेवतात. छाटणीनंतर आम्ही बोर्डो मारतो, मोरचुदाचं, म्हणजे तांब्याचंच बुरशीनाशक, आणि पंप धुतलेलं पाणी चारीतून तसंच वाहून जातं. नानांनी त्यातलं बाटलीभर माझ्यासाठी काढून ठेवलंय. तांबं धरलं तर पावडर निळी होईल.