प्रभूने सांगितलं, असं मी म्हणाले होते

तीन वर्षांपूर्वी उपासनेनंतर मी मंडळीपुढे उभी राहिले आणि सांगितलं, "माझ्या माहेरच्या गावात दर शनिवारी आरोग्यसेवा सुरू करायची, असं प्रभूने मला सांगितलंय." पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली, नुकतीच निवृत्त झालेली. हात रिकामे होते आणि मनावर त्या गावाचं ओझं होतं. लोकांनी पाकिटं दिली. महिला संघाने भाकरी-पिठलं विकून भर घातली. चौदा हजार रुपये जमले. एका घरमालकाने खोली द्यायचं कबूल केलं. आम्ही ती झाडून घेतली, चुना मारला, भिंतीला फळी ठोकली.

मग मालकाने नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही, फक्त अनामत परत दिली. दुसरी खोली बघितली, तिथेही तेच. माझ्यासोबत येणाऱ्या दोघींपैकी एकीच्या सुनेचं बाळंतपण निघालं, दुसरी मुलाकडे नाशिकला गेली. मी महिनाभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत होते. प्रभूवर रागावले होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्याच्याशीच बोलत होते ना मी!

आमची आत्या चौऱ्याऐंशीची. आयुष्यभर चर्चमधल्या मुलांची शब्बाथशाळा घेतली तिने. तिच्यापाशी रडले, तर तिने विचारलं, "बाळ, प्रभू तुला बोलला, की तुला तसं वाटलं?" मला तेव्हा फार लागलं. ती पुढे काही बोलली नाही, लसूण सोलत राहिली.

त्या दिवाळीनंतर आमच्या दौंड तालुक्यात नेहमीप्रमाणे ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. एक दिवस दुपारी टायरगाडी दारासमोर थांबली आणि एक बाई खाली उतरली. विशी-बाविशीची असेल. डाव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. "बाई, जरा चांगलं फडकं द्या," एवढंच म्हणाली. तिला ओट्यावर बसवली. चिंधी जखमेला चिकटलेली होती, म्हणून मीठ घालून उकळलेलं पाणी कोमट करून थेंब थेंब सोडत बसले. आत हळद आणि तंबाखू दाबून भरलेली. ते सगळं निघाल्यावर दिसलं, तर तर्जनी जवळजवळ हाडापर्यंत उघडी. कालचा कोयता होता तो. टाके लागतील, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल, म्हणून मी रिक्षा बोलवायला निघाले, तर तिचा नवरा म्हणाला, "खाडा धरतील, मुकादम उचलीतून कापील." म्हणजे गैरहजेरी लावून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या हिशेबात कापतील. त्याच्या आवाजात निर्दयपणा नव्हता, भीती होती. अर्ध्या तासाने तो तयार झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून परत येताना ती म्हणाली, "कोपीवर पोरं खोकत्यात. याल का?"

त्या संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, गेले. चूल पेटलेली, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, एका बाजूला रचलेलं, आणि उसाच्या पाचटावर झोपलेली सात-आठ पोरं. माझ्या घरापासून दोन किलोमीटर अंतर. दरवर्षी हे लोक इथे येतात, आणि मी दरवर्षी त्यांच्या शेजारून बसने जात होते.

पुढच्या रविवारी वाचनाला प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय होता. पाळकसाहेबांनी निवडलेला, माझा काही संबंध नाही. पौल आणि त्याचे सोबती आसियात, म्हणजे त्या नावाच्या रोमी प्रांतात, वचन सांगायला निघाले, तर पवित्र आत्म्याने मना केलं. बिथुनियात जायला बघितलं, तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. हा भाग मी लहानपणापासून ऐकत आले, पण मन नेहमी पुढच्या दृष्टान्ताकडे धावायचं, ज्यात मासेदोनियाचा एक माणूस पौलाला "इकडे येऊन आम्हांला मदत कर" म्हणतो. त्या दिवशी मात्र दोन बंद दारांपाशी थांबले. तिथे कुणी चूक केलेली नाही, पाप केलेलं नाही. इच्छा चांगली होती, तरी नाही. आणि शास्त्र त्या नकाराला आत्म्याचंच काम म्हणतं.

आणखी एक गोष्ट घरी येऊन परत वाचताना दिसली. दृष्टान्त पौलाला एकट्याला झाला. पण देवाने आपल्याला बोलावलंय, हे अनुमान काढलं ते "आम्ही". त्या ओळीत "आम्ही" आहे! मी मंडळीपुढे "मला" म्हणाले होते. कुणाला विचारलं नव्हतं. "प्रभूने सांगितलं" म्हटल्यावर कोण काय बोलणार? चर्चच्या पंचकमिटीतल्या एकाला ते गाव आधीच जड वाटत होतं, ते त्याने नंतर सांगितलं. माझ्या त्या वाक्याने त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

आणि लुदिया. मासेदोनियातल्या फिलिप्पैत नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांमध्ये तिचं अंतःकरण प्रभूने उघडलं. ती मूळची कुठली? थुवतीराची. थुवतीरा आसियातच. जिथे जायला मना केलं, तिथलीच बाई त्यांना परक्या गावी भेटली. हे वाचून मी उठून अंगणात गेले.

माझी पणजी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढली. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या पोरीबाळी आणल्या, त्यांत ती होती. रमाबाईंना त्यांना पुण्याला ठेवायचं होतं, पण प्लेगच्या बंदोबस्तामुळे तिथे नव्या मुली ठेवता येईनात. केडगावची जमीन त्यांनी घेतली होती फळबागेसाठी, पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदन या शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून. त्या माळावर मग पोरींची सोय झाली आणि मुक्ती तिथेच उभी राहिली. म्हणजे पुण्याचं दार बंद झालं, म्हणून आमच्या घराण्याला घर मिळालं. ही गोष्ट आजीच्या तोंडून शंभरदा ऐकली होती, पण स्वतःच्या बंद खोलीशी कधी जोडली नव्हती.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की त्या दिवशी मी प्रभूचं नाव घाईने घेतलं, मला माफ करा, आणि चौदा हजारांचा हिशेब टेबलावर ठेवला. पैसे परत न्या म्हटलं. मग कोप्यांविषयी सांगितलं आणि विचारलं, "तुम्हांला काय वाटतं?" दोन तास बोलणं झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी जायचं ठरलं. एका शिक्षकाने पोरांना पाटी-पेन्सिल द्यायचं स्वतःहून अंगावर घेतलं. पैशांतून गॉज, बँडेज, खोकल्याचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा रिक्षाखर्च. तिथे आम्ही उपदेश करत नाही. कुणी म्हटलं तर हात धरून प्रार्थना करतो, नाहीतर जखमा धुतो आणि चहा पितो.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, कोप्या मोडल्या, टोळी बीडला परत गेली. बोट बरं झालंय, फक्त नीट वाकत नाही. तिनेच फोन करून सांगितलं.

माहेरच्या त्या गावासाठी मी अजून रोज पहाटे प्रार्थना करते. खोलीला कुलूप आहे. आमचा चुना मारलेला भाग खिडकीतून दिसतो.